बाळसं धरलेला खांब

पोहता न येणारी बाई पाणबुड्याची दोरी धरते, हे ऐकलं की नवखा माणूस हसतोच. हसू द्यावं त्याला. धक्क्यावरच्या जुन्या लोकांनीही एके काळी पोटभर हसून घेतलं होतं आणि हसून दमल्यावर निमूटपणे तिला वहिनी म्हणायला लागले होते.

तिला स्वतःला पाणी मुळीच आवडत नाही. घोट्याच्या वर चढलं की ती मागे सरते. ती शिंप्याची मुलगी, चिंध्यांच्या ढिगात आणि दोऱ्याच्या रिळांत वाढलेली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्न होऊन या गावात आल्यावर, आणि पाहताक्षणी त्याच्याबद्दल तिचं जे वाईट मत झालं ते आजतागायत बदललेलं नाही. एवढं पाणी, आणि तहान लागली तर घोटभर उपयोगाचं नाही, असं ती म्हणते. त्यात नवऱ्याला खाली सोडून वर वाट बघत बसायचं, म्हणजे बोलायलाच नको.

नवऱ्याचं काम सांगायला सोपं आहे. बंदराचा धक्का म्हणजे समुद्रात उभ्या केलेल्या लोखंडी खांबांवर टाकलेलं काँक्रीटचं लांबच लांब अंगण. त्यावर ट्रक येतात, क्रेन फिरते, गोणी चढतात-उतरतात, आणि ते सगळं ओझं खाली अंधारात खांब पेलत असतात. खांब म्हणजे मोठाले नळच, आतून पोकळ. समुद्राचा स्वभाव असा की लोखंड दिसलं की तो ते विरघळवायला घेतो. घाई नाही, गडबड नाही. वर्षाला कागदाच्या जाडीइतकं, कुठे दोन कागदांइतकं. वरच्या अंगाचा तांबडा गंज सगळ्यांना दिसतो, पण तो नुसता आरडाओरडा करणारा. खरा चोर ओहोटीच्या रेषेखाली असतो, शेवाळाच्या आणि शिंपल्यांच्या आड, आणि तो एखाद्या खांबाला लागला की कागदांचा हिशेब राहत नाही. तिथे कुठे किती लोखंड उरलंय हे वरून बघून कोणालाच कळत नाही. म्हणून बंदराची कचेरी दरवर्षी, समुद्र निवळला की, तिच्या नवऱ्याला खाली पाठवते.

खाली जाऊन तो चाचपडत खांब ओळखतो. पट्टीने शिंपले खरवडतो, त्याखालची मऊ नारिंगी साय काढतो. साय निघाली की काळा, कुजक्या वासाचा थर लागतो, तो तारेच्या ब्रशने घासतो. आतलं लोखंड घासलेल्या भांड्यासारखं चमकलं की त्यावर यंत्राच्या वायरीच्या टोकाचं बोंड टेकवतो. बोंड आत आवाज सोडतं, तो आवाज लोखंडाच्या पलीकडच्या बाजूला आपटून परत येतो, आणि त्याला जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्राच्या काचेवर जाडीचा आकडा मिलिमीटरमध्ये उमटतो. हा आकडा नवरा तोंडावरच्या मुखवट्यातल्या फोनमध्ये सांगतो, वर धक्क्यावर ठेवलेल्या फोनच्या पेटीच्या कर्ण्यातून तो सगळ्यांना ऐकू येतो, आणि ती तो मोठ्याने परत म्हणते. तिने परत म्हटला की बंदराचे साहेब लिहून घेतात. तिने म्हटल्याशिवाय आकडा पक्का नाही, असा इथला रिवाज.

दोरी तिच्या हातात आली ती दिराच्या कृपेने. आधी हे काम धाकटा दीर करायचा. दीर माणूस लाखातला, पण त्याचा सगळा जीव गप्पांत. एके दुपारी ती नवऱ्याचा डबा घेऊन धक्क्यावर आली, तर दीर दोरीचं टोक पायाखाली धरून कोणाशी तरी जुन्या मोटरसायकलचा भाव करत उभा. पाण्यावरचे बुडबुडे भलतीकडेच निघाले होते आणि दोरी ताठ झाली होती. तिने डबा खाली ठेवला, दिराच्या पायाखालची दोरी उपसली आणि ओढायला लागली. हवेची नळी एका मोडक्या पायरीत अडकली होती, एवढंच झालं होतं. नवरा वर आला तो चिडूनच, काम अर्धं राहिलं म्हणून. पण दुसऱ्या दिवशी डबा आणला दिराने, आणि दोरीपाशी ती बसलेली होती. कोणी तिला बस म्हटलं नव्हतं. दिराला तर सुटल्यासारखं झालं. पुढे त्याने बॅटऱ्यांचं दुकान काढलं, आणि तिथे गप्पा मारायला माणसं आपण होऊन येऊ लागली.

दोरीची भाषा थोडकी आहे. एक ओढ म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे वर घे. तीन वाक्यं पुरून उरतात, असा तिचा अनुभव. जमिनीवरच्या कित्येक जोडप्यांचा संसार यापेक्षा कमी शब्दांत चालतो. पण दोरीपेक्षा तिला कर्ण्यातून जास्त कळतं. शेजारणी आपापल्या नवऱ्याच्या घोरण्याच्या गोष्टी सांगतात, हिला नवऱ्याचा श्वास पाठ आहे. खरवडताना तो भात्यासारखा चालतो. चाचपडताना लांब होतो, सावध होतो. आणि आकडा वाचताना थांबतो. बुडबुडे सुटले की हात हलतो, हात हलला की बोंड सरकतं, म्हणून वाचण्याआधी तो श्वास धरायचा. पेटी एकदम गप्प व्हायची आणि त्या शांततेतून आकडा यायचा. इतकी वर्षं त्या वेळी ती स्वतःही श्वास धरत आली होती, आणि ते तिला ठाऊक नव्हतं.

आता डोळ्यांचं सांगायचं. पन्नाशी ओलांडली की डोळे कुरकुरायला लागतात, यात लाजण्यासारखं काही नाही. तिला स्वतःला चष्मा लागला तेव्हा ती दुकानात गेली, पसंत केला, लावला आणि कामाला लागली. नवऱ्याचं तसं नाही. तो वर्तमानपत्र आधी कोपरापर्यंत लांब धरायला लागला, मग पूर्ण हात लांब करून, आणि शेवटी म्हणाला, "हल्ली छपाई वाईट करतात." गोळ्यांचं पाकीट तिच्याकडे द्यायचा आणि म्हणायचा, "तूच बघ, मला ती डॉक्टरी नावं आवडत नाहीत." नखं कापताना बोटातून रक्त काढलं, तर नेलकटरला धार नाही म्हणून नेलकटरच फेकून दिला. लेकीने परगावाहून चष्मा पाठवला. तो त्याने एकदा नाकावर ठेवला, आरशात पाहिलं, "शाळामास्तर दिसतोय," म्हणाला आणि कपाटात टाकला. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

ती हसायची. इतकी हसायची की एक साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही, ती म्हणजे पाणबुड्याच्या मुखवट्यात चष्मा बसत नाही. घरातले डोळे वेगळे आणि पाण्यातले डोळे वेगळे असावेत, अशा थाटात ती दोरी धरत राहिली. माणूस आपल्याच माणसाच्या बाबतीत असा भोळा होतो.

यंदाचं काम सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. समुद्राकडच्या ओळीतला दहावा खांब संपला आणि नवरा अकराव्याकडे सरकला. साहेब पेन सरसावून बसले. हे साहेब वयाने तिच्या लेकीएवढे, मऊ बोलणारे, उन्हात टोपी विसरणारे. खालून खरवडण्याचा आवाज आला, ब्रशचा आला, आणि मग कर्णा म्हणाला, "नऊ पॉइंट आठ."

तिने म्हणायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. अकरावा खांब गेल्या वर्षी नऊ पॉइंट तीन होता. तिच्या वडिलांना अख्ख्या गल्लीची मापं तोंडपाठ असायची, कोणाची छाती किती आणि कंबर किती, तशा तिला या ओळीतल्या खांबांच्या जाड्या पाठ होत्या. पण माणसांच्या कमरा वाढतात. लोखंडाची कंबर वाढलेली तिने कधी ऐकली नव्हती.

"ऐकू आलं का? नऊ पॉइंट आठ."

"पुन्हा वाचा," ती म्हणाली.

"नऊ पॉइंट आठ. किती वेळा सांगू?"

साहेबांनी गेल्या वर्षीचा आकडा काढून पाहिला आणि त्यांना हसू आलं. "वहिनी, समुद्र लोखंड खातो म्हणतात. इथे तर खांब बाळसं धरतोय." क्रेनवाला हसला, गोणी उचलणारे हसले, आणि खालून कर्ण्यातूनही हसण्याचा आवाज आला. "यंत्र बिघडलंय, साहेब," नवरा म्हणाला. "सकाळपासून कुरकुर करतंय."

ती मात्र हसली नाही. सकाळी यंत्र तिच्याच समोर ठोकळ्यावर तपासलं होतं. यंत्रासोबत पोलादाचे दोन ठोकळे मिळतात, एक वीस मिलिमीटरचा आणि एक दहाचा. त्यावर बोंड टेकवून आकडा बरोबर येतो का ते बघायचं असतं. आकडा बरोबर आला होता. यंत्र ठणठणीत होतं. आणि आता तिला जे खटकलं ते यंत्रामुळे नव्हे. आकड्याच्या आधी पेटी गप्प झालीच नव्हती. श्वास चालला होता तसा चालत राहिला होता, आणि त्या चालत्या श्वासावरच आकडा आला होता. जो श्वास धरत नाही, तो वाचत नाही.

मग तिला आठवत गेलं. दहाव्यापाशी पेटी गप्प झाली नव्हती. नवव्यापाशीही नाही. गेल्या वर्षी तरी कुठे झाली होती?

साहेब वाट बघत होते. सगळे बघत होते, आणि कर्णा सगळ्यांना ऐकू जाणारा. तिथे ती काय बोलणार? "नऊ पॉइंट आठ," ती म्हणाली. साहेबांनी ते लिहून घेतलं, बाजूला एक प्रश्नचिन्ह काढलं आणि उद्या दुसरं यंत्र आणतो म्हणाले. चुकलेल्या मापावर कात्री चालवल्यासारखं तिला झालं.

घरी येऊन त्याचं जेवण होईपर्यंत ती काही बोलली नाही. उपाशी माणसाशी भांडायचं नाही, एवढी माणुसकी तिच्यात आहे. भांडी आवरून ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"तुम्ही श्वास धरला नाहीत."

"कधी?"

"अकराव्यापाशी. दहाव्यापाशी. आणि आता आठवतंय तर गेल्या वर्षीही नाही."

"श्वास मोजत बसतेस का माझे?"

"दुसरं काम काय असतं मला तिथे?"

ती उठली, कोपऱ्यातली यंत्राची पेटी उघडली, त्याच्याकडे पाठ करून बोंड ठोकळ्यावर टेकवलं आणि काच त्याच्या तोंडासमोर धरली, पाण्यात धरतात तितकी जवळ. "वाचा."

त्याने मान मागे घेतली. तिने काच पुढे नेली. त्याने आणखी मागे घेतली, तिने आणखी पुढे नेली, असं करत करत त्याचं डोकं भिंतीला टेकलं. एरवी अशा प्रसंगी दोघं हसत सुटले असते.

"वीस," तो म्हणाला.

"दहाचा ठोकळा आहे," ती म्हणाली.

मग त्याने तिच्या हातातून यंत्र घेतलं, नीट बंद केलं आणि पेटीत ठेवलं. "दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "आधी नुसतं धूसर व्हायचं. मग तीन कुठला आणि आठ कुठला ते कळेना. म्हटलं, लोखंड दरसाल थोडंच जातं. मागचा आकडा पाठ असतो. त्यातून थोडं कमी करून सांगत आलो. कधी चुकलं नाही."

"चुकलं नाही हे तुम्हाला कसं कळणार?"

त्याने पेटीची कडी लावली.

"आज कसं चुकलं मग?"

"दहाव्याचा आकडा अकराव्याला लागला. डोक्यात उलटसुलट झालं."

तिला राग आला होता, खूप आला होता, पण समोर बसलेला माणूस इतका लहान दिसत होता की रागाला धरायला जागा मिळेना. "मला का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

"सांगून काय होणार? डोळे गेलेल्याला कोण पाण्यात सोडतं?" तो जमिनीकडे बघत बोलत होता. "खाली असलो की मला सगळे उस्ताद म्हणतात. वर आलो की मी कोण? वर आलो की तुझा नवरा, तेवढाच."

"तेवढा कमी आहे का?"

याचं उत्तर त्याने दिलं नाही, आणि हे तिला बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं. ती उठली. "उद्या साहेबांना सांगा. त्या खांबांवर माणसं काम करतात. तुम्ही सांगत नाही तोवर मी दोरी धरणार नाही."

"नको धरू. दोरी काय, खुंटीही धरते."

सकाळी दिराचं दुकान बंद होतं. खुंटी म्हणजे दीर, हे तिला कळायला वेळ लागला नाही. तिने घरातली कामं काढली. फाटका अभ्रा शिवायला घेतला, सुई ओवली, चार टाके घातले, उसवले, पुन्हा घातले. समोरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून ती घड्याळाकडेच बघत राहिली. शेवटी अभ्रा तसाच टाकून तिने चपला चढवल्या.

धक्क्यावर ती पुढे गेली नाही. गोण्यांच्या थप्पीमागे उभी राहिली, जिथून कर्णा ऐकू येतो आणि आपण दिसत नाही. दीर दोन्ही हातांनी दोरी धरून असा ताठ बसला होता की जन्मात पहिल्यांदाच त्याचं तोंड बंद होतं. कर्ण्यातून खरवडण्याचा आवाज येत होता, भात्यासारखा श्वास येत होता. मग ब्रश थांबला. श्वास लांब झाला, आणि थांबला.

पेटी गप्प झाली. खरीखुरी गप्प, पूर्वीसारखी. ती आकड्याची वाट बघत राहिली. साहेब पेन धरून वाट बघत राहिले. तो श्वास सुटला, दुसरा धरला गेला. तोही सुटला, तिसरा धरला गेला. आकडा काही आला नाही. शेवटी कर्णा इतक्या हळू बोलला की दिराला पुढे वाकावं लागलं. "वर घे मला."

तो वर आला, मुखवटा काढून शिडीपाशी ठेवला आणि ओल्या अंगाने तसाच साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, यंत्र चांगलं आहे. मला आकडे दिसत नाहीत. दोन वर्षं मी अंदाजाने सांगतोय. ओहोटीखालचे माझे दोन वर्षांचे सगळे आकडे खोडून टाका."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. ते ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं. "उस्ताद, मला हे वर कळवावं लागेल," एवढंच ते म्हणाले, आणि उठून त्या बाजूचे ट्रक मागे घ्यायला सांगायला गेले.

ती थप्पीमागून बाहेर आली. नवऱ्याने तिला पाहिलं, पण त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. "खूप बघितलं," तो म्हणाला. "नुसता उजेड दिसत होता. मग म्हटलं, ठोकून द्यावा एक आकडा. तोंडही उघडलं." तो थांबला. "पण तो परत म्हणायला तू नव्हतीस. तू म्हटलास की मलाच तो खरा वाटायचा."

तिने पदराने त्याच्या कानातलं पाणी टिपलं. लोक बघत होते, बघू देत.

पुढचे दिवस कठीण गेले. समुद्राकडची बाजू बंद झाली, क्रेन उभी राहिली, गोणी लांबून वाहाव्या लागल्या. वाहणाऱ्यांनी जिभेला हाड ठेवलं नाही. आंधळ्याने धक्का बुडवला, असं त्याच्या तोंडावर बोलले, आणि इतकी वर्षं उस्ताद म्हणून घेतलेल्या माणसाने ते खाली मानेने ऐकून घेतलं. कचेरीने त्याला बोलावून खरडपट्टी काढली, डोळे तपासून घेतले, पाण्यात राहण्याइतकी तब्येत आहे का तेही पाहिलं. तब्येत उत्तम निघाली. लांबचंही त्याला गरुडासारखं दिसत होतं. मग साहेबांनी यंत्राला लांबलचक केबल मागवली, म्हणजे बोंड खाली जाईल आणि काच वर राहील. काच कोणी बघायची हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी ती सरळ तिच्या मांडीवर आणून ठेवली. घरी कपाटातला चष्मा बाहेर आला, आणि नवरा वर्तमानपत्र वाचताना खरंच शाळामास्तर दिसायला लागला. हे तिने त्याला सांगितलं नाही.

मोजायला पहिला घेतला तो अकरावाच. दोरी सरळ उतरावी म्हणून ती, कोणत्याही खांबाचं काम असलं की, त्याच्या बरोबर वर काठाशी रिकामा खोका टाकून बसते, तशी बसली. चष्मा लावला, काच पुसली, दोरी हातात घेतली. शेजारी साहेब उकिडवे बसले.

खालून शिंपले पडण्याचा आवाज आला, ब्रशचा आला. "टेकवतो," कर्णा म्हणाला, आणि गप्प झाला. तिनेही श्वास धरला, आणि या वेळी तो धरल्याचं तिला कळलं. काचेवर आकडे थरथरले आणि स्थिर झाले. चार पॉइंट एक.

तिला वाटलं, दशांशाचा ठिपका चुकीच्या जागी दिसतोय. "जरा खाली घ्या," ती म्हणाली. तीन पॉइंट नऊ. "डावीकडे घ्या." चार. तिने साहेबांकडे पाहिलं. त्यांनीही तेच वाचलं होतं आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"बोल की," कर्णा म्हणाला. "किती?"

"चार."

"पॉइंटनंतरचे चार ना? पॉइंटच्या आधीचा आकडा काय, नऊ ना? की आठ?"

"अहो, चार. निम्माही राहिला नाही."

पेटी गप्प झाली. आता मोजायचं काही नव्हतं, तरी श्वास येईना. तिने दोरीला एक ओढ दिली. उत्तराची ओढ आली नाही. आली तेव्हा फार उशिराने आली, आणि तिच्यामागून त्याचा श्वास आला, तुटक, खरवडतानासारखा, पण हात तर थांबलेले होते.

"तू कुठे बसलीयस?" त्याने विचारलं.

"कुठे म्हणजे? अकराव्याच्या डोक्यावर."

"तिथून ऊठ."

साहेब फोनच्या पेटीकडे वाकले. "उस्ताद, एका माणसाच्या वजनाने काही होत नाही. शेजारचे खांब आहेत, वरचं ओझंही काढलेलं आहे."

"तुमचं बरोबर असेल, साहेब. तू ऊठ तिथून आधी." त्याचा आवाज इतका कापत होता की गोणी वाहणारे हातातलं काम सोडून बघायला लागले. "दोन वर्षं बसवली तुला मी असल्या खांबांवर. रोज. ट्रक जायचे तुझ्या पाठीमागून. मी खालून आकडे ठोकत होतो आणि तू यावर बसून ते परत म्हणत होतीस."

तिला उठता आलं असतं. खोका दोन हात मागे सरकवायचा, एवढंच तर होतं. पण दोरी सरळ खाली गेली होती, आणि जिथे गेली होती तिथे तो होता, त्याच झिजलेल्या खांबाला बिलगून, त्याच ओझ्याखाली, आणि काळजी कोणाची करत होता, तर हिची.

"मी उठले तर दोरी कोण धरणार?" ती म्हणाली. "खुंटी?"

तिने दोरीचा एक वेढा मनगटाभोवती घेतला.

"तुम्ही वर या. मग मी उठते."

"आधी तू."

"नाही. आधी तुम्ही."

क्षणभर पेटीत नुसते बुडबुडे वाजत राहिले. मग दोरीला तीन ओढी बसल्या.

ती ओढायला लागली. ओली दोरी तिच्या मांडीवर, साडीवर, साहेबांच्या बुटांवर गोळा होत गेली. साहेब हात लावायला पुढे झाले, तिने मानेनेच नको म्हटलं. पाण्याबाहेर त्याचं डोकं आलं, मग खांदे, मग शिडीची पायरी पकडणारा हात. तो वर चढला आणि मुखवटा न काढताच, पाणी ठिबकत, तिच्यापाशी आला. ओल्या हाताने त्याने तिचा हात धरला आणि तिला उठवून मागे नेलं, केबलवरून, गोण्यांच्या थप्पीपलीकडे, ट्रक वळतात त्या पक्क्या जमिनीपर्यंत. तिथे पोचल्यावर तिने त्याचा मुखवटा सोडवून खाली ठेवला. तरी तो तिचा हात सोडेना.